विहीणबाई पुढच्या सीटवर

डिंडोली, सुरत
मंगळवार, दुपार

सन्माननीय व्याहीसाहेब बळीरामदादा यांच्या सेवेशी,

छगन सोनवणेचा दोन्ही हात जोडून रामराम. इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत. मयुरीची तब्येत छान आहे, डॉक्टरीणबाईंनी बाळाची वाढ व्यवस्थित असल्याचं सांगितलं, आणि विहीणबाईंची तब्येत तर इतकी उत्तम आहे की ते लिहितानाच मला थोडा संकोच होतोय. तुमची खुशाली विचारायला खरं म्हणजे मला तोंड नाही. ज्या भल्या माणसाच्या घरची मालकीण आपण गाडीत घालून थेट दुसऱ्या राज्यात आणून ठेवली, त्याला ‘जेवण वेळेवर होतं ना?’ असं कसं विचारायचं? तरी रीत म्हणून विचारतो. जेवण वेळेवर होतं ना?

तुम्ही म्हणाल, हातात फोन असताना हा माणूस पत्र कशाला लिहितोय. तर त्याचं कारण असं की आमच्या घरात सध्या कुणाचाही फोन आला की तो स्पीकरवर लागतो. हा नियम विहीणबाईंनी आल्याच्या दुसऱ्या दिवशी लावला (कानाला फोन धरला की त्यांच्या कानात ऊब होते म्हणे), आणि आता आम्ही कुणीच खाजगी बोलू शकत नाही. परवा आमच्या चेतनला त्याच्या शेठने झापलं, ते अख्ख्या घराने पोहे खाता खाता ऐकलं. तुम्ही रोज संध्याकाळी फोन करता, त्या दिवसभराचं सांगतात, तुम्ही ‘बरं’ म्हणता. मग तुम्ही विचारता तूरडाळीचा डबा कोणता, त्या सांगतात, तुम्ही परत ‘बरं’ म्हणता. (राग मानू नका, पण त्या ‘बरं’चे इथे रोज निरनिराळे अर्थ निघतात. आमची कलाबाई म्हणते व्याही रागावलेत. मयुरी म्हणते पप्पा आनंदात असले तरी एवढंच बोलतात.) म्हणून म्हटलं, घडलं काय ते पहिल्यापासून लिहावं आणि पारोळ्याकडे जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हाती द्यावं. आत्ता विहीणबाई घरात नाहीत. कुठे आहेत ते पुढे येईलच.

मूळ मुद्दा सीटचा. मयुरीला सातवा लागला तसं कलाबाईने माझ्यामागे टुमणं लावलं की पोरीला आणायचं. बसने आणायचं नाही, कारण धुळ्यापासून इकडे रस्त्याचं काम कुठे संपलंय आणि कुठे सुरू आहे हे बसच्या ड्रायव्हरलासुद्धा आपटल्यावरच कळतं. चेतनने गेल्या दिवाळीत बॅटरीची गाडी घेतलेली, तीच न्यायची ठरली. पारोळ्याच्या डॉक्टरांनी मयुरीला सांगितलं होतं की प्रवास चालेल, पण बसायला आरामशीर हवं आणि मधे मधे उतरून चालायला हवं. आता आराम या विषयात मी पडलो कच्चा. तुम्हाला माहीतच आहे, माझा उभा जन्म लिंबायतच्या लूमच्या खात्यात, कापड विणणाऱ्या मागांपुढे, उभ्यानेच गेला. आमच्या धंद्यात बसलेला कारागीर शेठला दिसला की त्याला वाटायचं हा आजारी तरी आहे किंवा काम सोडून चाललाय. लोकांना उभं राहिल्याने पाय दुखतात, मला बसल्याने दुखतात. म्हणून मी ठरवलं की जाताना पुढच्या सीटवर स्वतः बसून बघायचं. माझ्यासारख्याला जी सीट मानवेल ती पोरीला मानवेलच.

पण नुसतं बसून बघणं मला पटेना. ही सीट काळी, आणि तिच्यावर चाळणीसारखी बारीक बारीक भोकं. चेतन म्हणाला, “आप्पा, ती भोकं मुद्दाम आहेत. आतून गार वारा येतो.” मी म्हटलं, असेल, पण पोरीच्या सासरी भोकं पडलेली सीट घेऊन जायची म्हणजे आपली काय शोभा? मी गुपचूप भूपेंद्र टेलरकडे गेलो आणि त्याच्याकडून सोनेरी साटीनचं झकास कव्हर शिवून आणलं. (एका लॉटमधलं उरलेलं कापड होतं. सुरतेत राहून सीटला साधं कापड घालणं मला कमीपणाचं वाटलं.) काय चमकत होतं ते! सकाळच्या उन्हात सीटकडे बघवत नव्हतं. चेतनने ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गाडी काढली. हल्लीची मुलं बापाला समजावत बसत नाहीत, ब्रेक मारून दाखवतात.

कडोदऱ्याला पहिला ब्रेक लागला आणि मी सीटवरून निघालो. निघालो म्हणजे कंबर पुढे, पट्टा गळ्याशी आणि नजर थेट गाडीच्या छपराला. परत वर सरकून बसलो. बारडोलीला म्हैस आडवी आली, मी परत खाली. व्यारा येईपर्यंत मला सरावच झाला, समोरच्या ट्रकचा लाल दिवा दिसला की मी आधीच दोन्ही हातांनी दाराचं हँडल धरायचो. मागे कलाबाईचं वेगळंच चाललेलं. या गाड्यांची बॅटरी असते पायाखाली, त्यामुळे मागची फरशी जरा वर आलेली, त्यामुळे बसणाऱ्याचे गुडघेही वर. “अहो,” ती मागून म्हणाली, “माझे गुडघे माझ्या हनुवटीला लागायला आलेत. मी गाडीत बसलेय का पाटावर?” मी तिला धीर दिला की थोडी कळ सोस. (माझा धीर देण्याचा आवाज लूमच्या खडखडाटात तयार झालेला आहे, आणि ही गाडी चालताना इतकी गप्प असते की तो धीर शेजारून जाणाऱ्या मोटरसायकलवाल्यालाही मिळाला. त्याने वळून पाहिलं.)

नवापूरच्या अलीकडे एका हॉटेलाशी चार्जिंगला थांबलो. मी खाली उतरलो तर डावा पाय जागेवर नाहीच. म्हणजे होता, पण झोपलेला. तसाच लंगडत मुतारीपर्यंत जाऊन आलो आणि येऊन गाडीत बसलो. बसल्याबरोबर मला जाणवलं, वा! चार्जिंगने सीटसुद्धा सुधारली की काय! मांडीखाली छान आधार, कंबरेला कुणीतरी हळूच हात लावल्यासारखं. मागून एका म्हातारबाईने मला थेपला दिला. मी खाल्ला. तिने लोणचं दिलं. कलाबाईच्या शेजारी ही कोण बसली हे विचारायला म्हणून मी मागे वळलो, तर कलाबाईच नाही. सगळं कुटुंब अनोळखी, वलसाडचं, आणि फार सज्जन. त्यांना वाटलं मी हॉटेलकडून चार्जिंगचं बघायला आलोय. गाडी तशीच पांढरी, आवाज नाही, धूर नाही, ओळखायची कशी? चेतन मला शोधत आला तेव्हा माझा दुसरा थेपला चालू होता. त्यांच्या सीटवर साटीन नव्हतं, एवढाच फरक होता म्हणे. मी तिथल्या तिथे ते सोनेरी कव्हर काढलं, घडी केली आणि डिकीत स्टेपनीच्या बाजूला दडवून टाकलं. तिथून पारोळ्यापर्यंत माझी कंबर जागेवर राहिली.

आता तुमच्या दारातला प्रसंग. तुम्ही त्या दिवशी चोपड्याला साखरपुड्याला गेलेला, त्यामुळे तुम्हाला तो ऐकीव माहीत असेल. आम्ही पोचलो तेव्हा मयुरी बॅग भरून ओट्यावर बसलेली. चेहरा असा की आता रडेल का आता हसेल ते कळू नये. विहीणबाई दारात. चहा झाला, पाणी झालं, आणि मग त्यांनी गाडीला एक फेरी मारली. आगीची चौकशी केली, शॉकची केली. खाली वाकून बघितलं. चेतनने बिचाऱ्याने हौसेने सांगितलं की मावशी, बॅटरी इथे सगळी खाली पसरलेली असते. झालं! विहीणबाई सरळ उभ्या राहिल्या.

“पोटात लेकरू अन् बुडाखाली बॅटरी? मी नाही पाठवायची.”

व्याहीसाहेब, आम्ही पडलो मुलीकडचे. तुमच्या ओट्यावर माझा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. कलाबाई पदराशी खेळत होती. जावईबापू वैभवराव दुकानातून येऊन उभे होते, ते एकदा आईकडे आणि एकदा बायकोकडे बघत होते. मयुरीने बॅगेची चेन उगाच उघडली आणि उगाच लावली. मला खरंच वाटलं की आता पोरीला तशीच ओट्यावर सोडून आपण तिघं परत जाणार. मी म्हणणार होतो की राहू द्या, तुम्ही म्हणाल तसं. तेवढ्यात चेतनला कुठून बुद्धी झाली देव जाणे. त्याने पुढचं दार उघडलं आणि म्हणाला, “मावशी, तुम्ही एकदा बसून बघा. तुम्हाला नाही पटलं तर गाडी रिकामी नेतो.”

विहीणबाई बसल्या. आधी टोकावर, एस. टी.त तिसरी सवारी बसते तशा. चेतनने बटण दाबलं, पाठ हळूहळू मागे गेली, तशा त्याही मागे गेल्या, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. मग त्याने वाऱ्याचं बटण दाबलं. त्या एकदम दचकल्या. “अगो बाई, ओलं कोणी केलं?” म्हणून लुगडं चाचपून बघितलं. कोरडंच. परत टेकल्या. आणि मग, साहेब, त्यांनी डोळे मिटले. आम्ही सगळे दाराभोवती उभे, उषाबाई शेजारीण कुंपणावरून बघतेय. बऱ्याच वेळाने डोळे न उघडताच त्या अहिराणीत म्हणाल्या, “भलती भारी शे वं हाई खुर्ची.” पण लगेच सावध झाल्या. उभ्या गाडीत कुणीही आरामात बसेल म्हणाल्या, चालत्या गाडीत पोरगी कशी राहते ते मी बघणार. धुळ्यापर्यंत सोबत येते, तिथून बसने परत. एक पिशवी घेतली, किल्ली उषाबाईंकडे दिली आणि निघाल्या. (तुम्हाला त्यांनी फोन लावला होता. तुमचा लागत नव्हता. मी साक्षीदार आहे.)

बॅगा ठेवताना डिकी उघडली, तेव्हा ते सोनेरी साटीन नेमकं त्यांच्या हाती आलं. “हे आमच्यासाठी आणलं का?” असं त्यांनी विचारल्यावर कलाबाई काय नाही म्हणणार? फक्त वरच्या बाजूला डोक्याची उशी बसवायला भूपेंद्रने दोन काजं ठेवलेली, त्यांवर बोट ठेवून त्यांनी विचारलं ही कसली. कलाबाईने सांगितलं, सुरतेत सध्या हीच फॅशन आहे. ते कापड आता आमच्याकडे त्यांच्या उशीला अभ्रा म्हणून आहे आणि उशी रोज रात्री पलंगावरून घसरून खाली पडते.

तर निघालो. पुढे मयुरी, पाठ मागे टेकवून. तिच्या मागे मी, म्हणजे तिच्या सीटची पाठ माझ्या छातीवर आणि तिचं डोकं माझ्या नाकाखाली. (लहानपणी ती माझ्या मांडीवर झोपायची, त्यानंतर एवढ्या जवळून तिच्या केसांचा भांग मी पहिल्यांदाच पाहिला.) मधे विहीणबाई आणि पलीकडे कलाबाई, दोघींचे गुडघे वर. विहीणबाईंचं लक्ष सगळं मयुरीवर. खड्डा आला की “दुखलं का?” वळण आलं की “मळमळतं का?” मयुरी म्हणायची, “नाही हो मम्मी, काही कळलंच नाही.” चेतनही गाडी अशी हळू चालवत होता की उसाचे ट्रॅक्टर आमच्या पुढे जात होते. धुळं आलं. मुलीकडच्यांनी विहिणीला ‘उतरा’ कसं म्हणायचं? विहीणबाईच म्हणाल्या की हा रस्ता तर बरा होता, यावरून काय कळतं, साक्रीला उतरते. साक्रीच्या जरा आधी मी कलाबाईकडे झुकून हळूच, अगदी कुजबुजत म्हणालो, “यांना शेवटची बस किती वाजता आहे?” गाडीत पुढून मागून सगळीकडे शांतता. विहीणबाई समोर बघतच म्हणाल्या, “घाट झाल्यावर विसरवाडीला उतरते. खरी परीक्षा घाटात आहे.” कुजबुजण्याच्या कामाचा माझा आवाज नाही हे मला तेव्हा कायमचं कळलं.

कोंडाईबारीचा घाट झाला. विसरवाडीही गेली. नवापूरला परत चार्जिंगला थांबावंच लागलं. मयुरीला तोवर पट्ट्याने अवघडल्यासारखं झालं होतं, ती उतरून कलाबाईचा हात धरून हॉटेलच्या आवारात फेऱ्या मारायला लागली. डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं या गाडीने आपसूक घडवलं, एवढं तिचं कौतुक करायलाच हवं. जेवढा वेळ गाडी खाते, तेवढा वेळ माणसाचे पाय मोकळे. मीसुद्धा उभं राहून घेतलं, फार बरं वाटलं. विहीणबाई म्हणाल्या, मी गाडीपाशी थांबते. आम्ही चहा पिऊन आलो तर त्या पुढच्या सीटवर, पाठ पार आडवी, वारा चालू, पायातल्या चपला खाली जोडीने काढून ठेवलेल्या, आणि गाढ झोपलेल्या. तोंड थोडं उघडं. पारोळ्याची बस समोरच्या स्टँडवरून आमच्या देखत गेली. चेतनने माझ्याकडे पाहिलं, मी कलाबाईकडे, कलाबाईने मयुरीकडे. मयुरी म्हणाली, “झोपू द्या त्यांना. घरी दुपारच्या कधी पडतसुद्धा नाहीत. मी मागे बसते.”

चपला उचलून आत ठेवल्या, दार हळू लावलं आणि गाडी काढली. म्हणजे पळवून नेणं म्हणतात ते हेच असेल तर तेवढा गुन्हा आमचा झाला, साहेब. मयुरी मागे कोपऱ्यात टेकून बसली, कलाबाई मधे, मी दुसऱ्या टोकाला. मग लक्षात आलं की पोरीचे पाय सुजलेत. कलाबाई म्हणाली पाय वर घे. ते कलाबाईच्या मांडीवरून माझ्यापर्यंत पोचले. मयुरी ओढून घ्यायला लागली, “आप्पा, पाय लागतोय.” मी म्हटलं, लागू दे. आणि तिचे पाय मांडीवर घेऊन नवापूरपासून डिंडोलीपर्यंत बसलो. व्याहीसाहेब, मी, ज्याला तासभर बसलं की मुंग्या येतात, तो जराही हललो नाही. सीट कशी होती म्हणाल तर मला आठवत नाही.

सोनगडच्या पुढे विहीणबाईंना जाग आली. बाहेर बघत बसल्या. जरा वेळाने म्हणाल्या, “हाई कोनतं गाव शे? पाट्यांवरची रेघ कुठे गेली?” गुजराती अक्षरांना वरची रेघ नसते हे चेतनने समजावून सांगितलं. मला वाटलं आता वीज पडणार. सखाराम नावाचा माझा एक मेहुणा आहे, त्याला एकदा असं चुकून अंकलेश्वरला नेलं होतं, तो अजून बोलत नाही. पण त्या रागावल्या नाहीत. सीटची पाठ सरळ करायचं बटण त्यांना सापडलं नाही, म्हणून तशाच आडव्या, काचेतून वर बघत बोलायला लागल्या. आमच्याशी नाही, जरा कुणाशीच नाही असं.

म्हणाल्या, वैभवच्या वेळी गल्लीतल्या दोघींना एकाच महिन्यात दिवस गेले होते. त्यांना न्यायला माहेरून माणसं आली. एकीला जीपने नेलं, एकीच्या भावाने बैलगाडीत गवत टाकून वर गोधडी अंथरली होती. “माझी आई नव्हती. बापाला काय कळतं यातलं? मला कोणी न्यायला नाही आलं. मी ओट्यावर बसून त्यांच्या गाड्या वळताना बघितल्या.” मग म्हणाल्या, “तुमची गाडी दारात थांबली ना, तेव्हा आधी मला मयुरीचं नाही सुचलं. मला वाटलं, न्यायला येणारी गाडी अशी असते तर.” आणि मग नेहमीच्या आवाजात चेतनला म्हणाल्या की वारा जरा कमी कर, कंबर गारठली.

गाडीत आवाज नव्हता म्हणून हे ऐकू आलं, साहेब. डिझेलची गाडी असती तर गेलंच असतं वाऱ्यावर. मयुरीने मागून हात पुढे नेऊन त्यांच्या खांद्यावर ठेवला, तो चलथाणला साखर कारखान्याचा वास येईपर्यंत तिथेच होता. दारात कलाबाईने पोरीवरून भाकरतुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातलं, आणि मग तसंच विहीणबाईंवरूनही ओवाळला. “माझ्यावरून कशाला?” म्हणाल्या, पण ओवाळून होईपर्यंत उंबऱ्यापासून हलल्या नाहीत.

तेव्हापासून त्या इथे आहेत. कलाबाईशी पहिले दोन दिवस ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीच्या पिठावरून कुरबूर झाली, आता दोघी मिळून माझ्याविरुद्ध बोलतात. आणि रोज दुपारी चेतन सकाळपाळी करून गाडी घेऊन आला की त्या त्याच्याकडची किल्ली घेऊन खाली जातात. पुढच्या सीटवर त्या, शेजारी ड्रायव्हरच्या जागी मयुरी, दोघींच्या पाठी आडव्या, सीटचा वारा चालू, मांडीवर सूप, आणि लसूण सोलणं चाललेलं असतं. गाडी कुठेही जात नाही. सोसायटीचा वॉचमन पहिल्या दिवशी काच ठोठावून विचारून गेला की गाडी बंद पडलीय का. आता तोही मेथी निवडून देतो. चेतनच्या गाडीला इतका लसणाचा वास येतो की त्याचे कारखान्यातले मित्र त्याच्यासोबत यायचे बंद झालेत, आणि सकाळी निघताना बॅटरी पाहून तो डोक्याला हात लावतो. पण मावशीला काही म्हणत नाही. मी आत्ता गॅलरीतून हे लिहितोय आणि खाली त्या दोघी हसताना दिसतायत. काच बंद आहे, ऐकू काहीच येत नाही.

तर एकूण असं आहे. लांबच्या प्रवासाला आमच्या गाडीची पुढची सीट उत्तम, मागची मध्यम, असा माझा अनुभव आहे. तुमचा गैरसमज दूर झाला असेल अशी आशा करतो. जावईबापूंना आशीर्वाद, उषाबाईंना नमस्कार. लिहिण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मुलीचा बाप समजून पोटात घाला.

आपला नम्र,
छगन सोनवणे

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. कालच्या फोनमध्ये तुम्ही म्हणालात की वैभव रविवारी येऊन आईला बसने घेऊन जाईल. त्यावर विहीणबाई तुम्हाला ‘बरं’ म्हणाल्या, ते तुम्ही ऐकलंत. फोन ठेवल्यावर त्या कलाबाईला काय म्हणाल्या ते तुम्ही ऐकलं नाही. म्हणाल्या, “पोरगा येईल, बस येईल. ज्यांनी यायला पाहिजे ते तूरडाळीचा डबा विचारतात.” तर व्याहीसाहेब, माझी हात जोडून विनंती आहे की वैभवरावांना पाठवू नका. स्वतः या. न्यायला म्हणून या. दारात उभे राहा आणि ‘चल, तुला न्यायला आलोय’ एवढं म्हणा. ‘बरं’पेक्षा ते फार लांब नाही.

ता. क. दोन. कृपा करून लगेच येऊ नका. मयुरीचं सगळं सुखरूप होईस्तोवर विहीणबाई इथे असलेल्या आम्हाला हव्या आहेत. कलाबाई नुसती घाबरते, यांना सगळं कळतं. म्हणजे येणार हे आत्ता कळवा, पण या मात्र बारशाला. आणि हे मी लिहिलं असं त्यांना कळू देऊ नका.

ता. क. तीन. आत्ताच त्या वर आल्या. सूप ठेवलं आणि कुणाला लिहिताय म्हणून विचारलं. मी म्हटलं, गॅसवाल्याला, सिलिंडर वेळेवर देत नाही. त्या स्वयंपाकघरात गेल्या, आणि तिथून म्हणाल्या, “त्या गॅसवाल्याला लिहा, यायचं तेव्हा ट्रॅव्हल्सच्या मागच्या सीटवर बसू नको. त्याची कंबर धरते. ड्रायव्हरच्या मागची खिडकी मागून घे. आणि निळा स्वेटर लाकडी कपाटात, खालच्या खणात आहे.”